हौसेला मोल नसतं, पण बिल असतं

हौसेला मोल नसतं, असं आपण सहज म्हणून जातो. लग्नाच्या मांडवात म्हणतो, वास्तुशांतीला म्हणतो, दारात नवी बुलेट उभी राहिली की म्हणतो. पण बिल प्रत्येक हौसेचं असतं, आणि ते भरणारा दरवेळी हौस करणाराच असतो असं नाही.

आज जरा लांबलचक लिहितेय. विषय आपल्या तालुक्याच्या मानाने थोडा विचित्र वाटेल. गाणं ऐकायची महागडी यंत्रणा, म्हणजे ज्याला हाय-फाय किंवा हाय-एंड ऑडिओ म्हणतात ते. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी आकडे बघा, म्हणजे महाग म्हणजे किती महाग ते कळेल. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विल्सन ऑडिओ कंपनीने स्पीकरची एक जोडी बाजारात आणली. किंमत ६ लाख ८५ हजार डॉलर. त्या वेळच्या दराने चार कोटींच्या वर. हे फक्त स्पीकर. त्यांना चालवणारा ॲम्प्लिफायर वेगळा, वायरी वेगळ्या, गाणं वाजवणारं यंत्र वेगळं. त्याआधी २०१५ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एक हेडफोन जाहीर केला, ५० हजार युरोचा. त्याच्यासोबत इटलीतल्या संगमरवरात बसवलेला ॲम्प्लिफायर येतो. कानाला लावायच्या वस्तूला संगमरवर कशाला, असं कुणी विचारू नये.

तुम्ही म्हणाल, ताई, कोट्यधीशांच्या खेळण्यांशी आपला काय संबंध? असंच मलाही वाटायचं. पण गेल्या काही वर्षांत ही हौस खालच्या मजल्यावर उतरली आहे. चार कोटींची जोडी कुणी घेत नाही, पण चार लाखांची घेणारे आपल्या जिल्ह्यात आहेत. यूट्यूबवर रोज रिव्ह्यू बघणारी तरुण मुलं आहेत. पुण्या-मुंबईच्या शोरूममध्ये डेमो ऐकून, ईएमआयचा फॉर्म भरून परत येणारे नोकरदार आहेत. आधी ॲम्प बदलायचा, मग स्पीकर, मग वायर, मग पुन्हा ॲम्प. या चक्राला त्यांच्यात 'अपग्रेड' म्हणतात.

मागच्या दिवाळीच्या आधी एका ओळखीच्या घरून फोन आला. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही पेपरवाल्या. तुम्हाला माहीत असेल. वायरीला चाळीस हजार पडतात का हो?" मला आधी वाटलं, घराचं वायरिंग करताहेत. मग कळलं, स्पीकरला जोडायची वायर. दोन तुकडे, अडीच-अडीच मीटरचे. त्यांचे यजमान पतसंस्थेत नोकरीला. अत्यंत सरळ माणूस. पान नाही, तंबाखू नाही, फक्त गाणं. साडेतीन लाखांचं कर्ज काढून स्पीकर आणि ॲम्प घेतला होता, त्याचे हप्ते चालू. आता शोरूमवाल्याने सांगितलं होतं की साध्या वायरीमुळे तुमच्या स्पीकरचा 'खरा आवाज' बाहेरच येत नाहीये. वहिनी चिडलेल्या नव्हत्या. मुलीच्या नीटच्या क्लासचा दुसरा हप्ता भरायचा राहिला होता, म्हणून विचारत होत्या.

त्या फोनमुळे हा विषय डोक्यात बसला. मला यातलं थोडंफार कळतं ते वडिलांमुळे. त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेज संपेपर्यंत मी सोल्डरिंगच्या वासातच वाढले. तेव्हा जे कानावर पडलं आणि नंतर जे वाचलं, त्यावरून माझं मत असं बनलंय: चांगला आवाज ही चैन नाही. त्याची एक किंमत आहे आणि ती मध्यमवर्गीय घराला झेपण्यासारखी आहे. त्या रेषेच्या फार पुढे गेलात की तुम्हाला आवाज फारसा मिळत नाही. तिथे दुकानदार तुमच्या मनात एक शंका पेरतो, की तुमच्या घरात काहीतरी कमी आहे. आणि मग त्या शंकेवरचं औषध विकतो.

पैशाने खरंच काय मिळतं?

मिळतं. ते नाकारणं अप्रामाणिकपणा होईल. मोबाइलच्या स्पीकरवर भीमसेनजींची मैफल ऐकणं आणि बऱ्या स्पीकरवर ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोबाइलवर तंबोरा जवळजवळ गायब होतो, तबल्याचा बायाँ नुसता टकटक करतो. बऱ्या स्पीकरवर तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिच्यामागे उमटणारा झंकार ऐकू येतो. हा फरक कुणालाही कळतो, त्याला कानसेन असावं लागत नाही.

स्पीकर-स्पीकरमध्येही खरा फरक असतो. पण तोसुद्धा डोळे मध्ये आले की बिघडतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह हे या क्षेत्रातले नावाजलेले अभ्यासक. १९९४ मध्ये त्यांनी एक प्रयोग मांडला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा स्पीकर समोर दिसत असताना गुण द्यायला सांगितले, एकदा पडद्याआड ठेवून. गुण बदलले. दिसायला भारदस्त असलेल्या स्पीकरला डोळ्यांनी जे गुण दिले होते, ते कानांनी दिले नाहीत. आणि हे श्रोते कुणी ऐरेगैरे नव्हते, ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीतलीच माणसं होती.

दुसरी गोष्ट म्हणजे खोली. ही कुणी विकत नाही म्हणून हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्या घरांतल्या हॉलला गुळगुळीत फरशी, चार कोऱ्या भिंती, वर स्लॅब. टाळी वाजवली तरी घुमते. अशा खोलीत दहा लाखांचे स्पीकर ठेवले तरी शब्द शब्दावर चढणार. त्याच खोलीत जाड पडदे लावा, सतरंजी अंथरा, एका भिंतीला पुस्तकांचं भरलेलं कपाट ठेवा, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. जो फरक पडेल तो पुढच्या लाखभराच्या अपग्रेडने पडणार नाही. वडील गिऱ्हाइकाला सांगायचे, "पेटी नंतर बदला, आधी ती कोपऱ्यातून काढा." गिऱ्हाईक हसायचं, आणि पेटी बदलायलाच सांगायचं.

माझ्या अंदाजाने आज पन्नास ते ऐंशी हजारांत, थोडं शोधून घेतलं, वापरलेलं चांगलं यंत्र पारखून घेतलं, तर मध्यम आकाराच्या खोलीत मनापासून गाणं ऐकता येईल इतका आवाज नक्की मिळतो. तेवढे पैसेही आपल्याकडे थोडे नाहीत. पण साठवून घेता येतात, कर्ज लागत नाही.

कानाची हद्द

यापुढे भाव वाढत जातो आणि कान मात्र तिथेच थांबतो.

माणसाला साधारण २० ते २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते तरुण, निरोगी कानाचं. वय वाढत जातं तशी वरची बाजू झिजत जाते. चाळिशी-पन्नाशीत बऱ्याच जणांना १५ हजारांच्या वरचं काही ऐकू येत नाही. आणि या हौसेला लागणारा पैसा हातात येतो तो नेमका याच वयात. दात आहेत तेव्हा चणे नाहीत, चणे आले तेव्हा दात गेले.

१९८२ साली बाजारात आलेली सीडी हीच हद्द लक्षात घेऊन बनवली होती. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं मोजमाप, म्हणजे २० हजार हर्ट्झच्या दुपटीपेक्षा थोडं जास्त. कान जेवढं ऐकू शकतो तेवढं सगळं त्यात मावतं. तरी त्यानंतर 'हाय-रेझोल्यूशन' नावाने याच्या कितीतरी पट जास्त आकड्यांच्या फायली आणि यंत्रं विकली जाऊ लागली.

फरक कळतो का? ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी याची चाचणी घेतली, ती २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण थेट वाजवायचं, आणि तेच मध्ये सीडीच्या दर्जाला उतरवून वाजवायचं. ऐकणाऱ्यांना सांगायचं, ओळखा. ५५४ प्रयत्न झाले. बरोबर उत्तरं ४९.८ टक्के. छापा-काटा केला असता तरी एवढीच आली असती. पुढे २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा आकडा ५२.३ टक्के निघाला. प्रशिक्षण घेतलेल्या श्रोत्यांना त्याहून जरा बरं जमलं. म्हणजे फरक अगदी शून्य आहे असंही नाही. पण एवढ्याशा फरकासाठी ईएमआय?

आणि मुळात आपण ऐकतो काय, हेही बघा. अब्दुल करीम खाँसाहेब, बालगंधर्व, हिराबाई. यांच्या तरुणपणीच्या तबकड्या ७८ च्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्या काळच्या ध्वनिमुद्रण यंत्राने जेवढं टिपलं तेवढंच त्यात आहे. खरखरीच्या पलीकडून येणारा तो सूर अंगावर काटा आणतो, पण तो गायकाच्या गळ्यामुळे. जे तबकडीत उतरलंच नाही, ते दहा लाखांचा ॲम्प कुठून आणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वायरीचा बाजार

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येते. वायरीला चाळीस हजार पडतात का?

पडतात. चार लाखही पडतात. पण तांबं ते तांबंच. स्पीकरच्या वायरीत बघायचं काय, तर जाडी आणि लांबी. अडीच एमएमची तांब्याची वायर घेतली, पाच मीटर जाऊन पाच मीटर परत आली, तर तिचा रोध एक ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. समोर स्पीकर आठ ओहमचा. एक टक्कासुद्धा नाही. ही वायर आपल्या बाजारपेठेतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या धंद्याला जशीच्या तशी लागू पडते.

पॉवर केबल तर त्याहून गमतीची. वीज शेकडो किलोमीटर उघड्या तारांवरून येते, डीपीत उतरते, खांबावरून घरात शिरते, मीटर आणि बोर्डातून फिरते. आणि शेवटच्या दीड मीटरला चांदीची वायर लावली की ती शुद्ध होते! अशा एका उंची पॉवर केबलच्या किमतीत मिरजेच्या कारागिरांकडून हाताने घडवलेले एकापेक्षा जास्त तंबोरे येतील. ज्या तंबोऱ्याचा आवाज ऐकायचा तो स्वस्त, आणि त्याचा आवाज वाजवणाऱ्या यंत्राची वायर महाग.

जपानमध्ये काही हौशी मंडळी तर याच्याही पुढे गेली. घराच्या वायरिंगवर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी स्वतःचा विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला. खर्च सुमारे १० हजार डॉलर. २०१६ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने ही बातमी छापली होती.

आपल्याकडे अंनिस चमत्कार सिद्ध करून दाखवणाऱ्याला बक्षिसाचं आव्हान देते, ते तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेत जेम्स रँडी नावाचे जादूगार तसंच दहा लाख डॉलरचं आव्हान देत असत. २००७ मध्ये त्यांनी ते महागड्या स्पीकर वायरीलाही लावलं. वायर होती बारा फुटांची जोडी, किंमत ७,२५० डॉलर. साध्या चांगल्या वायरीपेक्षा ती वेगळी वाजते हे न बघता ओळखून दाखवा आणि पैसे घेऊन जा. बरीच चर्चा झाली, वादावादी झाली. चाचणी शेवटपर्यंत झालीच नाही.

आम्ही मात्र वहिनींच्या घरी चाचणी केली. वायर आठवड्याच्या डेमोवर आलेली होती. स्पीकरच्या मागे दोरीवर चादर टाकली. त्यांची मुलगी चादरीमागे नाणं उडवायची, त्याप्रमाणे एकदा महागडी वायर जोडायची, एकदा घरातली जुनी. भाऊसाहेब आपल्या नेहमीच्या खुर्चीत, त्यांच्या आवडीचं गाणं, आवाजाचं बटण तसूभर हलवायचं नाही. दहा वेळा केलं. सहा बरोबर आले. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हती, दहा वेळेवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण चाळीस हजारांचा फरक असता तर दहापैकी दहा यायला हवे होते.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण ताई, मला जाणवतो हो फरक." मी त्यांना खोटं ठरवलं नाही. त्यांना तो जाणवत होताच. महाग वस्तू समोर दिसली की मन कानाला मदत करतं, तुमचंही करतं आणि माझंही. धंदा उभा आहे तो याच मदतीवर. वायर परत गेली. स्पीकर घरात आहेत, आणि ते खरंच चांगले आहेत.

झाकली मूठ

२०२२ मध्ये अमेरिकेत एक प्रकरण गाजलं, ते या हौशी मंडळींनी विसरू नये. मोबाइल फिडेलिटी ही एलपी तबकड्या काढणारी नावाजलेली कंपनी. मूळ टेपवरून तबकडी काढायची, मध्ये संगणकाचा स्पर्श नाही, अशी तिची ख्याती. डिजिटल आवाज कोरडा आणि थंड असतो, ॲनालॉग उबदार असतो, आम्हाला तो लगेच ओळखू येतो, असं सांगणारे रसिक या तबकड्या शंभर-सव्वाशे डॉलर देऊन रांग लावून घ्यायचे.

मग कंपनीने मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या ४० हजार प्रती काढायचं जाहीर केलं. एका रेकॉर्डविक्रेत्याच्या डोक्यात आलं की मूळ टेपवरून एवढ्या प्रती काढायच्या तर ती टेप किती वेळा वाजवावी लागेल? शोध घेतल्यावर कंपनीच्याच इंजिनिअरांनी कबूल केलं की मध्ये डिजिटल पायरी आहे, आणि ती अनेक तबकड्यांत कित्येक वर्षांपासून आहे. ग्राहक कोर्टात गेले, आणि अडीच कोटी डॉलरच्या घरातली तडजोड कंपनीला करावी लागली.

कंपनीने फसवलं, ते आहेच. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं जगभरातल्या एवढ्या तयार कानांनी, एवढ्या महागड्या यंत्रांवर त्या तबकड्या ऐकल्या, आणि चोरी कुणाच्या कानाने पकडली नाही. पकडली ती प्रतींच्या हिशेबाने. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे ती शंभर डॉलरची होती, एवढंच.

घरातली किंमत

पैशाचं झालं. पण या हौसेची आणखी एक किंमत आहे, ती शोरूमच्या बिलावर येत नाही.

अमेरिकेत रिचमंड इथे केन फ्रिट्झ नावाचे गृहस्थ होते. जगातली सर्वोत्तम ध्वनियंत्रणा आपल्या घरात उभी करायची, हा त्यांचा ध्यास. स्पीकर स्वतः बनवले, तबकडी वाजवायचं भलंमोठं यंत्र स्वतः बनवलं, राहत्या घराला ऐकण्यासाठी प्रशस्त दालन जोडलं. अनेक दशकं आणि सुमारे दहा लाख डॉलर त्यात गेले. पोरांच्या सुट्ट्याही गेल्या, कारण त्यांनाही कामाला जुंपलेलं असायचं. पहिला संसार मोडला. एका मुलाशी संबंध तुटले. २०२२ मध्ये ते वारले. नंतर सगळी यंत्रणा सुटी करून लिलावात गेली, तेव्हा दीड लाख डॉलरच्या आसपास रक्कम आली. २०२४ च्या जानेवारीत वॉशिंग्टन पोस्टने त्यांच्यावर मोठा लेख छापला, तो जगभर वाचला गेला.

फ्रिट्झ यांना मी मूर्ख म्हणणार नाही. एवढ्या चिकाटीने हाताने काही घडवणारा माणूस मूर्ख नसतो. पण त्या घरात संगीत कुणासाठी वाजत होतं, हा प्रश्न मनात राहतो. या हौसेच्या परिभाषेत एक शब्द आहे, 'स्वीट स्पॉट'. दोन स्पीकरच्या बरोबर समोरची ती एक जागा, जिथे आवाज नेमका जुळून येतो. तिथे एकच खुर्ची बसते. बाकीच्यांनी बाजूला बसायचं, बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, पोरांनी पळायचं नाही. मी अशी दोन-तीन घरं पाहिली आहेत. गाणं ऐकणारा खूश असतो आणि बाकीचं घर पाय न वाजवता चालत असतं. हौस पुरुषाची, शांतता बायकोची. हप्ते घराचे.

"आमचा पैसा, आमची हौस"

यावर येणारं उत्तर मला माहीत आहे. लोक लग्नात डीजेवर लाख उडवतात, गुंठा विकून गाडी घेतात, आम्ही निदान घरात बसून गाणं ऐकतो, कुणाला त्रास देत नाही. मुद्दा बरोबर आहे. मिरवणुकीतल्या भिंतींनी खिडक्यांची तावदानं हादरवणाऱ्यांपेक्षा पतसंस्थेतले ते भाऊसाहेब हजार पटीने बरे. आपल्या खिशातून, कर्ज न काढता, समजून-उमजून कुणी दहा लाखांची यंत्रणा घेतली तर मला काही म्हणायचं नाही. सुंदर बनवलेली वस्तू घरात असावी, हीसुद्धा हौसच. पैठणी काय अंग झाकायला लागते म्हणून कुणी घेत नाही.

पण पैठणी विकणारा तुम्हाला हे सांगत नाही की सुती साडीत तुमचं अंग दिसतंय. तो म्हणतो, ही सुंदर आहे, घ्या. इथे मात्र सांगितलं जातं की हे घेतलं नाही तर तुम्ही गाणं ऐकतच नाही आहात. 'तुमच्या कानाला कळत नसेल तर कान तयार करा' असंही वर ऐकवतात. गाण्यावर जीव असलेल्या माणसाला हे फार लागतं. आपण अरसिक ठरू या भीतीपोटी तो पाकीट काढतो. माझा राग आहे तो यावर.

मग करायचं काय?

पहिलं, न बघता ऐका. घरी डेमो मागा. दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, आणि हे विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. चादर टाका, नाणं उडवा, दहा-वीस वेळा करा. दुकानदार याला तयार नसेल तर उठून या.

दुसरं, पैसे या क्रमाने घाला. आधी खोली, मग स्पीकर, मग बाकीचं. वायर सगळ्यात शेवटी, मीटरवर मोजून. आणि कर्ज काढून काहीच नाही.

तिसरं, कायदा लक्षात ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात हा प्रकार स्पष्ट लिहिलेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी कंपनीला, आणि तिची शिफारस करणाऱ्यालाही, १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. फुकट मिळालेल्या यंत्राचं कौतुक करणाऱ्या यूट्यूबरने आपला कंपनीशी असलेला संबंध सांगायला हवा, हेही २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दुकानात कुणी मोठा दावा केला तर तो बिलावर लिहून मागा. बहुतेक दावे तिथेच आटपतात. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे.

चौथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चांगला आवाज एकट्याने विकत घ्यायची काही सक्ती नाही. जपानमध्ये परदेशी तबकड्या आणि यंत्रं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती, तेव्हा तिथे 'जाझ किस्सा' नावाची कॉफीहाउस चालायची, अजूनही काही चालतात. मालकाकडे उत्तम यंत्रणा आणि तबकड्यांची कपाटं. एका कॉफीच्या पैशात कुणीही येऊन तासभर शांत ऐकत बसावं. आपल्याकडेही ग्रामपंचायतीचा रेडिओ होता, त्याच्याभोवती गाव बसायचं. मुंबईच्या इराण्याकडे नाणं टाकून वाजवायचा ज्यूकबॉक्स होता. मिरज, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात संगीत मंडळांच्या बैठका होत्या, अजून काही ठिकाणी होतात. महाग गोष्ट दहा जणांत वाटली की स्वस्त होते, हे आपल्या आजोबांना कळत होतं.

आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा वरचा हॉल आठवड्यातले बरेच दिवस बंद असतो. तिथे पुस्तकांची कपाटं आहेत, म्हणजे आवाज घुमायचा निम्मा प्रश्न सुटलेला. गावात चांगले स्पीकर असलेले निदान चार-पाच जण मला माहीत आहेत, तबकड्या आणि कॅसेट जपून ठेवलेले त्याहून जास्त. महिन्यातून एक रविवार, सकाळी दोन तास. कुणी स्पीकर आणावा, कुणी रेकॉर्ड, कुणी चहा. ज्याला गाण्यातलं कळतं त्याने दोन शब्द बोलावेत. नीटच्या क्लासला जाणाऱ्या मुलींनाही दोन तास सुट्टी द्यावी. वाचनालयाच्या कार्यवाहांशी मी बोलले आहे. हॉलचं भाडं नको, विजेचं बिल तेवढं द्या, असं म्हणालेत.

पतसंस्थेतले भाऊसाहेब स्पीकर द्यायला तयार आहेत. वायर आपली बाजारपेठेतली, अडीच एमएमची. ज्यांना यायचंय त्यांनी मला कळवा, आणि मी वर लिहिलेलं ज्यांना पटलं नाही त्यांनी तर नक्की या. चादर आणि नाणं मी घेऊन येते.